गुरांचं पाणी आणि माझे हात



आज 'श्री गजानन विजय'चा पहिला अध्याय. 23 फेब्रुवारी 1878, माघ वद्य सप्तमी, शेगाव. देविदास पातुरकरांच्या घराबाहेर महाराज उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाताहेत. बंकटलाल आणि दामोदरपंत ते बघतात, ताट मागवतात. दामोदरपंत पाणी आणायला जातात, तोवर महाराज गुरं पितात तिथलंच पाणी पिऊन मोकळे.

हा प्रसंग मी कित्येक वर्षं स्वतःच्या सोयीनं वाचला.

मागच्या प्रकटदिनाला खामगावला घरी होतो. पिठलं-भाकरीची पंगत होती. चपला लावायची सेवा आटोपून मी थेट वाढायला निघालो. आजीनं अडवलं, "काऊन रे, हात धुतले का?" मी तिला हाच प्रसंग ऐकवला. महाराजांना कुठं असला भेद होता?

आजी म्हणाली, "महाराज सोताच्या पोटात घेत होते. तू तं दुसऱ्याच्या पोटात घालून राह्यला."

मी हसून पुढं गेलो. दुसऱ्या दिवशी तीन वर्षांच्या भाचीला जुलाब लागले, दोन दिवस सलाईन. माझ्या हातानं झालं की आणखी कशानं, कोण सांगणार? पण तिची भाकरी मीच वाढली होती.

महाराजांचा भेदच संपला होता. मला कॉफी गार झालेली चालत नाही! माझं अद्वैत फक्त साबणापुरतं. आणि शेगावच्या मंदिरात जाऊन बघा, सेवेकरी किती निगुतीनं फरशी पुसत असतात.

नुसत्या पाण्यानं हातावरचा तेलकटपणा जात नाही, अन् जंतू त्यालाच चिकटून असतात. साबणाच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला. म्हणून ती घाण वाहून जाते. बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखं धरून किमान 20 सेकंद चोळायचं. मोबाईलमध्ये टायमर कशाला, सावकाश दहा-बारा वेळा नाम घ्या. मग हात कोरडे करा, ओल्या हातानं जंतू लवकर पसरतात.

आपल्याकडं उन्हाळ्यात ड्रममधलं पाणी पुरवून वापरावं लागतं. त्यात हात बुडवला की अख्खा ड्रम खराब. दांड्याच्या ओगराळ्यानं पाणी काढायचं, एकानं घालायचं, दुसऱ्यानं धुवायचं.

यंदा पंगतीत मी वाढणार नाहीये. मंडपाच्या तोंडाशी ओगराळं घेऊन उभा राहीन. साबण आणायचं कामही आजीनं माझ्याकडंच दिलंय.

उद्या दुसरा अध्याय.