उकल वाचकाच्या हाती

कोडे घालणाऱ्याला उत्तर माहीत असते, ऐकणाऱ्याला नसते. जादूगार आणि प्रेक्षक यांच्यात हेच अंतर असते. मांत्रिक आणि त्याच्या दारी आलेला गांजलेला माणूस यांच्यातही हेच. तिघेही काहीतरी झाकून ठेवतात. फरक पडतो तो पुढे. कोडे घालणारा शेवटी उत्तर सांगतो. जादूगार सांगत नाही, पण आपण हातचलाखी करतो आहोत हे त्याने आधीच कबूल केलेले असते. मांत्रिक मात्र झाकलेले काही आहे, हेच मुळात नाकारतो. कोडी, हातचलाखी, नवलाच्या गोष्टी आणि गूढ घटना यांवरची पुस्तके वरवर करमणुकीची वाटतात. पण झाकलेले उघडे करून वाचकाच्या हाती देण्याच्या कल्पनेचा इतिहास त्यांच्यातच सापडतो, आणि त्या इतिहासात वाचकाची जागा शतकाशतकाने बदलत गेली आहे.

भारतात कोडे आणि जादू एकाच पंगतीला बसलेली दिसतात. वात्स्यायनाच्या कामसूत्रातील चौसष्ट कलांच्या यादीत प्रहेलिका म्हणजे कूटप्रश्न आहेत, ऐंद्रजाल आहे, हस्तलाघव आहे, आणि सांकेतिक लिपीचे ज्ञानही आहे. दंडीने काव्यादर्शात प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगितले. नवव्या शतकात रुद्रटाने असा श्लोक रचला, की त्याची अक्षरे सरळ वाचली काय किंवा बुद्धिबळातल्या घोड्याच्या चालीने वाचली काय, श्लोक तोच निघतो. ही कौशल्ये सभेत मिरवायची होती. उत्तर कळणे हे रसिकतेचे लक्षण होते; ज्याला कळले नाही त्याला समजावत बसण्याची जबाबदारी कोणी घेतलेली नव्हती.

भास्कराचार्यांची लीलावती (1150) इथे वेगळी ठरते. तिच्यातला एक प्रश्न असा: नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे आणि खांबाच्या पायथ्याशी सापाचे बीळ आहे. खांबाच्या उंचीच्या तिप्पट अंतरावरून साप बिळाकडे निघालेला पाहून मोर तिरपी झेप घेतो. दोघांनी सारखेच अंतर तोडले, तर गाठ बिळापासून किती हातांवर पडेल? उत्तर बारा हात, कारण त्या वेळी दोघांचेही पंधरा हात अंतर तोडून झालेले असते. प्रश्न चित्रासारखा डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि तो सोडवण्याचा नियम ग्रंथातच श्लोकात दिलेला असतो. नियम हाती आला की खांबाची उंची बदलून कोणीही नवे कोडे घालू शकतो. चाळीसगावजवळच्या पाटणे इथे तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. उकल सांगितली जात होती, पण ती मठात, गुरूसमोर बसलेल्या शिष्याला.

युरोपातही आरंभ शिकवणीतूनच झाला. लांडगा, शेळी आणि कोबीचा गड्डा नदीपार नेण्याचे कोडे मराठी मुलेही वाघ, शेळी आणि गवत अशा रूपात सोडवतात. त्याची सर्वांत जुनी ज्ञात नोंद ज्या लॅटिन संग्रहात आहे, तो शार्लमेन बादशहाचा शिक्षक अल्क्विन (मृत्यू 804) याच्या नावावर सांगितला जातो. तरुणांची बुद्धी पाजळण्यासाठीचे प्रश्न, असा त्याच्या शीर्षकाचा अर्थ आहे. पुढे 1500 च्या सुमारास लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने अंककोडी, पत्त्यांचे आणि हातचलाखीचे खेळ यांचा मोठा ग्रंथ लिहिला. तो बोलोन्याच्या विद्यापीठात हस्तलिखित रूपात पडून राहिला आणि छापला गेला 1997 साली.

या इतिहासात ज्या पुस्तकापाशी थांबलेच पाहिजे, ते कोणा गणितज्ञाचे नाही आणि जादूगाराचेही नाही. रेजिनाल्ड स्कॉट हा इंग्लंडच्या केंट परगण्यातला साधा जमीनदार. त्याचे आधीचे पुस्तक हॉप्सच्या वेलींची लागवड कशी करावी यावर होते. त्या काळी चेटकीण ठरवून बायकांना फासावर देण्याचे खटले चालत. 1582 मध्ये एसेक्समधल्या सेंट ओसिथ गावच्या खटल्यांनी देश ढवळून निघाला होता. गाय आटली, मूल दगावले, लोणी निघेना, की संशय जायचा तो गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या, एकट्या, दरिद्री बाईवर. स्कॉटने 1584 मध्ये ‘द डिस्कव्हरी ऑफ विचक्राफ्ट’ हे जाडजूड पुस्तक काढले आणि या समजुतींचा एकेक धागा उसवला.

त्याच पुस्तकात त्याने हातचलाखीचे सविस्तर वर्णन केले: नाणे कसे नाहीसे करावे, पत्ता कसा ओळखावा, तोडलेले मुंडके ताटात ठेवून बोलते कसे दाखवावे. जिभेत सळई खुपसण्याच्या खेळातल्या सळईची आकृतीच त्याने छापली. सळईच्या मध्यभागी कमानीसारखा वाक असतो, तो जिभेवरून वळवून घेतला की सळई आरपार गेल्यासारखी दिसते. स्कॉटचा युक्तिवाद सोपा होता. बाजारात पैशासाठी खेळ करणारा माणूस जर डोळ्यांदेखत असे काही दाखवू शकतो, तर न समजलेली प्रत्येक गोष्ट सैतानाची मानण्याचे कारण काय? करमणुकीसाठी केलेली आणि फसवणूक म्हणून कबूल केलेली हातचलाखी त्याला निंद्य वाटत नव्हती. उलट, ज्या गरिबांचे पोट या खेळांवर चालते त्यांची गुपिते आपल्याला उघडी करावी लागत आहेत, याबद्दल त्याने खेद नोंदवला आहे. ही खंत खरी वाटते, आणि तिच्यामुळे पुस्तकाचे नैतिक वजन वाढते. एका बाजूला खेळ्याची रोजीरोटी, दुसऱ्या बाजूला निरपराध बाईचा जीव; स्कॉटने दोन्ही तोलून पाहिले आणि गुपिते छापली.

त्याचा परिणाम लगेच झाला नाही. स्कॉटलंडचा राजा जेम्स याने 1597 मध्ये चेटूक खरे असल्याचे सांगणारा ग्रंथ लिहिला आणि प्रस्तावनेत स्कॉटचे नाव घेऊन त्याला विरोध केला. हाच राजा इंग्लंडच्या गादीवर आल्यावर 1604 मध्ये तिथला कायदा अधिक कडक झाला. तो रद्द व्हायला 1736 साल उजाडले. मधल्या काळात स्कॉटच्या पुस्तकाला एक अनपेक्षित वाचकवर्ग मिळाला होता. 1634 मध्ये लंडनमध्ये निघालेल्या ‘होकस पोकस ज्युनियर’ या जादूशिक्षणाच्या पुस्तकाने त्यातले बरेच साहित्य घेतले. भीती घालवण्यासाठी सांगितलेली उकल हौस म्हणून शिकण्याची गोष्ट झाली.

फ्रान्समध्ये याच सुमारास कोड्यांनी शिकवणीचे ओझे उतरवले. बाशे द मेझिरियाक याचा 1612 चा संग्रह शीर्षकातच आनंददायक प्रश्नांचे आश्वासन देतो. एक ते चाळीस शेर यांपैकी कोणतेही पूर्ण वजन तराजूत तोलायचे, तर कमीत कमी किती वजने लागतील, असा त्यातला एक प्रश्न आहे. वजने दोन्ही पारड्यांत टाकायची मुभा असेल, तर चार पुरतात: 1, 3, 9 आणि 27. पाच शेर हवे असतील तर एका पारड्यात 9, दुसऱ्यात माल आणि त्याच्याबरोबर 3 व 1. वाचणाऱ्याला आधी हे खोटे वाटते, मग तो स्वतः करून पाहतो. याच बाशेने 1621 मध्ये डायोफँटसचा ग्रीक ग्रंथ लॅटिन भाषांतरासह छापला. त्याच्या आपल्याजवळच्या प्रतीच्या समासात फर्मा या गणितज्ञाने जे टिपण केले, त्याची सिद्धता शोधण्यात गणितज्ञांची साडेतीनशेहून अधिक वर्षे गेली. झाक ओझानाम याच्या 1694 च्या ग्रंथानंतर गणिती मनोरंजन ही पुस्तकांची एक जातच तयार झाली. करमणुकीच्या प्रश्नातून शास्त्र निघते, हेही आता दिसू लागले होते. जुगारातल्या एका तंट्यावर पास्कल आणि फर्मा यांनी 1654 मध्ये केलेल्या पत्रव्यवहारातून संभाव्यतेचे गणित उभे राहिले. कोनिग्सबर्गचे सात पूल प्रत्येकी एकदाच ओलांडून फिरून येता येईल का, या प्रश्नाला ऑयलरने 1736 मध्ये ‘नाही’ असे उत्तर दिले, आणि त्यातून आलेख सिद्धांत जन्मला.

‘नाही’ हेही पूर्ण उत्तर असू शकते, हा या प्रवासातला मोठा टप्पा आहे. अमेरिकेत 1880 च्या सुमारास पंधरा सोंगट्यांच्या कोड्याचे वेड पसरले. चौकोनी पेटीत सोळा घरे, त्यांपैकी एक रिकामे. 14 आणि 15 उलट क्रमाने ठेवलेले, बाकी सगळे जागच्या जागी. नुसत्या सरकवून सगळ्या सोंगट्या ओळीने लावायच्या. कोडेकार सॅम लॉइडने यावर हजार डॉलरांचे बक्षीस लावले आणि हे कोडे आपणच शोधल्याचा दावाही केला. दावा खोटा होता, आणि बक्षीस कोणालाच मिळणार नव्हते: बाकीच्या जागेवर ठेवून फक्त दोन सोंगट्यांची अदलाबदल या पेटीत करता येत नाही, हे 1879 मध्येच गणिताच्या नियतकालिकात सिद्ध होऊन छापले गेले होते. लॉइडच्या कल्पकतेबद्दल शंका नाही, पण वाचकाला अंधारात ठेवून त्याने या विद्येच्या सचोटीला धक्का लावला. त्याचा इंग्रज समकालीन हेन्री ड्युडनी अधिक काटेकोर होता. समभुज त्रिकोणाचे चार तुकडे करून त्यांचा चौरस जुळवण्याची त्याची रीत आजही पाहणाऱ्याला थक्क करते.

गुपित झाकून ठेवण्याचे बळ किती असते, तेही याच शतकात दिसले. फ्रेंच सरकारने 1856 मध्ये रॉबेर-उदँ या विख्यात जादूगाराला अल्जीरियात पाठवले. वसाहतीतल्या लोकांवर तिथल्या मराबूतांची, म्हणजे धर्मगुरूंची, छाप होती, तिच्यावर फ्रेंच जादूची मात करायची होती. धडधाकट माणसाला लहानशी पेटी जमिनीवरून उचलता येईना; खाली विद्युतचुंबक होता. ज्याला उकल ठाऊक त्याच्या हाती सत्ता, हे इतक्या उघडपणे क्वचितच वापरले गेले असेल. दोन वर्षांनी आत्मचरित्रात त्याने ही हकीकत स्वतःच सांगितली. 1876 मध्ये लंडनच्या अँजेलो लुइस या वकिलाने प्रोफेसर हॉफमन या नावाने ‘मॉडर्न मॅजिक’ लिहिले आणि रंगमंचावरची जादू घराघरांतल्या हौशी माणसांपर्यंत पोचवली.

स्कॉटची वाट विसाव्या शतकात पुन्हा वाहती झाली. हूदिनी या जादूगाराने मृतात्म्यांशी बोलण्याचा दावा करणाऱ्यांच्या क्लृप्त्या 1924 च्या पुस्तकात उघड केल्या. महाराष्ट्रात हे काम पुस्तकाबाहेर पडून चौकात, शाळेत आणि गावच्या पारावर आले. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी 1989 मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते बुवाबाबांचे चमत्कार आधी करून दाखवतात आणि मग उलगडून सांगतात. लिंबू कापल्यावर निघणारे ‘रक्त’ हे सुरीला लावलेल्या मिथिल ऑरेंजचे असते. लिंबाच्या आम्लाने ते लाल होते. करणी आणि भानामतीच्या धाकात जगणाऱ्या माणसाला हे कळणे म्हणजे काय, ते एसेक्सच्या खटल्यांकडे पाहिले की समजते. दाभोलकरांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते अनेक वर्षे झटले, तो त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळात संमत झाला.

कोडी, जादू आणि भोंदूगिरीचा पर्दाफाश हे तिन्ही प्रवाह ज्या एका लेखकात एकत्र आले, तो मार्टिन गार्डनर (1914–2010). त्याच्याकडे गणिताची पदवी नव्हती. तो तत्त्वज्ञान शिकलेला, हौशी जादूगार होता. छद्मविज्ञानावरचे त्याचे पुस्तक 1952 चे, आणि ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातले त्याचे गणिती खेळांचे सदर 1957 पासून सुमारे पाव शतक चालले. आपल्याला समजायलाच वेळ लागतो, म्हणून वाचकाला समजेल असे लिहिता येते, अशी त्याची भूमिका होती. त्याने उत्तरे दिली, पण उत्तर अजून कोणालाच माहीत नाही असे प्रश्नही तितक्याच मोकळेपणाने वाचकापुढे ठेवले.

मार्च 1975 च्या सदरात त्याने देवळालीच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एका शिक्षकाची ओळख जगाला करून दिली. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर संख्यांशी खेळत आणि पदरमोड करून छोट्या पुस्तिका छापत. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यायची, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लिहून मोठीतून लहान वजा करायची, आणि येणाऱ्या संख्येवर पुन्हा तेच करायचे. 3524 घेतली तर 5432 वजा 2345 म्हणजे 3087. 8730 वजा 0378 म्हणजे 8352. 8532 वजा 2358 म्हणजे 6174. इथून पुढे 6174 च येत राहते, आणि तिथे पोचायला सातपेक्षा जास्त पायऱ्या कधीच लागत नाहीत. यात झाकलेले काहीच नाही, तरीही करून पाहणारा प्रत्येक जण चकित होतो.

त्याच वर्षी जुलैमध्ये गार्डनरने बहिर्वक्र पंचकोनी फरश्यांनी जमीन फटी न ठेवता कशी भरता येते, यावर लिहिले. त्या वेळी माहीत असलेल्या प्रकारांची यादी पूर्ण मानली जात होती. लवकरच एका वाचकाने नवा प्रकार कळवला. ती बातमी सान दिएगोतल्या मार्जोरी राइस या गृहिणीने मुलासाठी घरी येणाऱ्या अंकात वाचली. तिचे गणिताचे शिक्षण शाळेपुरतेच होते. तिने स्वतःची एक चिन्हपद्धत बनवली. ती स्वयंपाकघराच्या ओट्यावर आकृत्या काढत असे आणि घरात कोणी आले की झाकून ठेवत असे. 1977 पर्यंत तिने चार नवे प्रकार शोधले. असे एकूण प्रकार पंधराच आहेत, ही संगणकाच्या मदतीने केलेली सिद्धता मिकाएल राव याने 2017 मध्ये मांडली. वॉशिंग्टनमध्ये मॅथेमॅटिकल असोसिएशन ऑफ अमेरिका या संस्थेने आपल्या इमारतीच्या प्रवेशदालनात पंचकोनी फरशी बसवली. ती रचना राइसच्या शोधांपैकीच एक आहे.