नावाच्या शेवटाला अर्थ असावा का?

इंटरनेटवरील प्रत्येक पत्त्याला टिंबानंतर एक शेवट असतो. १९८४ साली अमेरिकेत हे शेवट ठरवले गेले तेव्हा हेतू सरळ होता. व्यापाऱ्यांना ‘कॉम’, शिक्षणसंस्थांना ‘एज्यु’, सरकारी खात्यांना ‘गव्ह’ आणि इतर संस्थांना ‘ऑर्ग’. देशांना दोन-दोन अक्षरे मिळाली. आपल्या इस्राएलला ‘आयएल’.

पुढे ‘कॉम’ आणि ‘ऑर्ग’ पैसे भरणाऱ्या कोणालाही मिळू लागले. पॅसिफिक महासागरातील चिमुकल्या तुवालू देशाचे ‘टीव्ही’ हे शेपूट जगभरच्या दूरचित्रवाणीवाल्यांनी लावून घेतले. २०१२ साली नव्या शेवटांसाठी अर्ज मागवण्यात आले, आणि हजारावर नवे शेवट आले.

कोणी म्हणेल, यात बिघडले काय? पत्ता घर सापडण्यासाठी असतो, घरमालकाचे चारित्र्य सांगण्यासाठी नव्हे. आपल्या पेणकर, दिवेकर, रोहेकर या आडनावांतला ‘कर’ तरी काय सांगतो? मूळ गाव, एवढेच. माणूस सज्जन की लबाड, हे तो सांगत नाही आणि तसा आवही आणत नाही.

‘ऑर्ग’ची गोष्ट मात्र निराळी आहे. पहारेकरी गेला, पण जुनी अब्रू मागे राहिली. तो शेवट पाहून ही धर्मादाय संस्थाच असणार असे समजून एखादी आजी पेन्शनमधले शेकेल पाठवते. तिची चूक काय? तिने शब्दाचा अर्थ खरा मानला.

म्हणून, वाचकहो, अर्थ द्यायचा तर राखणदार हवा. ‘गव्ह डॉट आयएल’ फक्त सरकारी कार्यालयांना मिळते. तेथे विश्वासाला आधार आहे. त्याच घरातले ‘सीओ डॉट आयएल’ मात्र कोणीही घेऊ शकतो.

राखणदारही निर्दोष नसतो, हे विसरून चालणार नाही. २००१ पासून ‘एज्यु’ नव्याने मिळते ते अमेरिकेतील मान्यताप्राप्त संस्थांनाच. इतर देशांतल्या चांगल्या शाळा बाहेरच राहतात. प्रत्येक शेवटावर पहारा बसवला तर कागदपत्रे नसलेल्या लहान मंडळांनी जायचे कुठे?

माझ्या मते, जेथे फसगत झाल्यास गरिबाची पुंजी किंवा रोग्याचा जीव जातो, तेथे म्हणजे सरकार, बँक आणि इस्पितळ यांच्या बाबतीत, शेवटाला पक्का अर्थ असावा आणि त्यावर कडक पहारा असावा. बाकीचे शेवट निव्वळ नावे आहेत, हे लोकांना उघड सांगावे. अर्धामुर्धा अर्थ सर्वांत घातक. आणि तोवर घरातील तरुणांनी वडीलधाऱ्यांना एवढे जरूर शिकवावे : पैसे पाठवण्यापूर्वी शेपूट पाहून थांबू नका, संस्थेला फोन करून खात्री करा.