पोट कोणाचे, साखर कोणाची

उपाशीपोटी रक्तातली साखर १९० निघाली, तेव्हा मी सर्वांत आधी डॉक्टरांच्या पोटाकडे पाहिले. ते माझ्याहून चार बोटे पुढे होते. झाले! ज्याला स्वतःचे पोट आवरत नाही, त्याने माझे पेढे बंद करावेत? दवाखान्याचा जिना उतरेपर्यंत डॉक्टर माझ्यापुरते बाद झाले. साखर मात्र होती तिथेच होती.

हा पराक्रम मी विष्णुपुरीच्या टपरीवर रंगवून सांगितला. टपरीवाले मामा बशी पुसता पुसता म्हणाले, "सर, साखर तुमची, अन् पोट डॉक्टरचं कामून मोजायलात?"

अशा वेळी निसर्गाकडे पाहावे. मी धरणाकडे पाहू लागलो. पण ही गोदावरी निघते त्र्यंबकच्या डोंगरातून, म्हणजे सह्याद्रीतून; आणि सह्याद्री म्हटला की माधव गाडगीळ आठवतात. निसर्गानेही दगा दिला.

गाडगीळ समितीने पश्चिम घाटाचा अहवाल २०११ साली केंद्र सरकारला दिला. कुठे खाण नको, कुठे मोठे धरण नको हे सांगून, शेवटचे ठरवताना ग्रामसभांना विचारा, असेही त्यात होते. सरकारने तो दाबून ठेवला. माहितीच्या अधिकाराचे भांडण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेले, तेव्हा मे २०१२ मध्ये तो लोकांना दिसला. आता पुढाऱ्यांनी म्हणावे, हा उतार चुकला, तो नकाशा चुकला. चुका काय, कुणाच्याही निघतात! पण त्यासाठी जाडजूड अहवाल वाचावा लागतो. 'विकासविरोधी' म्हणायला काहीच वाचावे लागत नाही. केरळात तर अहवालाची बाजू घेणाऱ्या एका खासदाराची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. मग कस्तुरीरंगन यांची दुसरी समिती आली. गाडगीळांनी सगळाच घाट संवेदनशील मानून त्याचे तीन स्तर पाडले होते. दुसऱ्या समितीने २०१३ साली सुमारे ३७ टक्केच भाग धरला. तोही अनेकांना जड गेला.

३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव दरडीखाली गेले. दीडशेवर माणसे गेली. गाडगीळ कोणाचे विरोधक, हे त्या डोंगराला ठाऊक नव्हते.

बोलणारा कोण हे विचारूच नये, असे माझे म्हणणे नाही. तंबाखू कंपनीच्या पैशावर तंबाखूचे गुण गाणाऱ्या शास्त्रज्ञाचा खिसा अवश्य तपासावा. पण खिसा तपासून झाला की आकडाही तपासावा लागतो, आणि तिथेच आपल्याला कंटाळा येतो. मला तरी येतो.

म्हणून मीही दुसरी समिती नेमली. दुसऱ्या प्रयोगशाळेत साखर १८२ निघाली. आठ कमी! त्या आनंदात दोन पेढे खाल्ले, आणि घरी तोंड पुसून गेलो.

दुसऱ्या दिवशी टपरीवर मामांनी विचारले, "सर, साखर किती टाकू?"

सवयीने मी त्यांच्या पोटाकडे पाहिले. ते अगदी सपाट होते. मोठीच पंचाईत झाली.