आत घेताना वाजतो

पवन मावळातला एक दूधवाला पहाटे किटल्या घेऊन कामशेतला निघाला होता. धुक्यात म्हैस आडवी आली, गाडी घसरली आणि हँडल थेट गळ्यावर बसलं. जखम नाही, रक्त नाही. फक्त आवाज बसला. लोक म्हणाले, "थोडक्यात वाचलास." तळेगावच्या दवाखान्यात सिस्टरनं मान चाचपली, तर कातडीखाली बोटांना कुरकुर लागली. फाटलेल्या श्वासनळीतली हवा तिथं शिरत होती. डॉक्टरांनी दुर्बिणीतून चीर पाहिली आणि दुर्बिणीवरूनच नळी चिरेच्या पुढं सरकवली. अंदाजानं घातली असती तर ती भलतीकडे गेली असती. काही दिवसांनी नळी निघाली, तो घरी आला.

दोनेक महिन्यांनी भातलावणी लागली. खाचरात उतरला की धाप लागे. एका ठिकाणी दमा ठरला, पंप मिळाला, दुसरीकडे गोळ्या. मावळातला पाऊस, ओल, गारठा, त्यामुळे दमा सगळ्यांना पटला. पंपानं मात्र काडीचा फरक पडेना.

तिसऱ्या डॉक्टरांपुढं बायको बोलली, "डॉक्टरसाहेब, माझ्या सासऱ्यांना दमा होता. त्यांची छाती श्वास सोडताना वाजायची. ह्यांचा गळा आत घेताना वाजतोय. रात्रभर ऐकते मी."

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं, स्टेथोस्कोप छातीवरून गळ्यावर आणला. "आधी इथं काही लागलं होतं का?"

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं, आणि बरं झालेलं दुखणं सांगायचं कशाला, म्हणून तोही बोलला नव्हता.

सीटी स्कॅन आणि दुर्बिणीत उलगडा झाला. भरून येताना व्रण आत आवळत गेला होता. जवळपास दोन सेंटिमीटर रुंद वाट पाच मिलिमीटरवर आली होती. श्वासनळी निम्मी होईतो माणसाला फारसं जाणवत नाही, घात होतो तो इथंच. पंप छातीतल्या बारीक नळ्या सैल करतो, व्रणाला तो काय करणार? गळ्याला मार लागलेल्याचा किंवा नळीवर राहिलेल्याचा श्वास पुढं वाजू लागला, तर दमा म्हणण्याआधी दुर्बीण हवीच.

पुण्यात अरुंद तुकडा कापून टोकं जोडली. जोडाला ताण नको म्हणून आठवडाभर हनुवटी टाक्यानं छातीशी बांधून ठेवली. डिस्चार्जच्या दिवशी बायकोनं डॉक्टरांकडून ठळक अक्षरांत लिहून घेतलं : 'श्वासनळीची इजा, नंतर शस्त्रक्रिया.' कागद लॅमिनेट करून तिनं गाडीच्या आरसी बुकाबरोबर ठेवला.