हलाल ताटापुरतेच?

मार्कंड्याच्या जत्रेचे दिवस होते. महाशिवरात्रीच्या सुमारास आमच्या चामोर्शीत माणसांची रीघ लागते. शाळेतून यायला उशीर झाला, म्हणून मुलांचे अब्बा म्हणाले, आज बाहेरच जेवू. गावातल्या एका फॅमिली रेस्टॉरंटमध्ये गेलो. तिथे चायनीजच्या यादीखाली आता 'थाई करी' अशीही ओळ आली आहे. मुलीला तीच हवी होती.

मी मालकांना विचारले, "भाऊ, कोंबडी कुणाकडून आणता? करीत कालवांचा सॉस घालता का?" आम्ही हनफी, पाण्यातल्या जिवांपैकी मासळीच खातो. कोकणातल्या शाफई मुसलमानांना कालवे चालतात. मालकांनी न चिडता सगळे सांगितले. थायलंडात 'मस्समान' नावाची करी असते आणि ते नाव 'मुसलमान' शब्दावरून आले असे मानतात, हे ऐकून मुलगी खूश झाली.

ताटे उचलायला एक मुलगा आला. माझ्यासमोर सहावीच्या बाकावर बसणाऱ्या मुलांएवढा. पाण्यात राहून बोटे सुरकुतलेली. मुलीने विचारले, "अम्मी, याला शाळा नसते?" मी म्हटले, "जा, हात धुऊन ये."

कोंबडीची चौकशी करणारी माझी जीभ इथे का अडखळली? पहिला प्रश्न माझ्या ताटाचा होता. त्याचे उत्तर मिळाले की मी मोकळी. दुसऱ्याचे उत्तर मिळाल्यावर मला काही तरी करावे लागले असते. म्हणून तो विचारलाच नाही.

कुरआनात सूरह बकराच्या १६८व्या आयतीत 'हलाल'सोबत 'तय्यब' हा शब्द आहे. तय्यब म्हणजे चांगले, निर्मळ. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्या, अशी हदीस आपण पोरांकडून पाठ करून घेतो. मग लेकराच्या कष्टावर आलेले ताट तय्यब कसे? कायदाही हेच सांगतो. चौदा वर्षांखालील मुलांना हॉटेलात कामाला ठेवायला १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे.

कुणी म्हणेल, बाई, त्याचे काम सुटले तर घरची चूल कशी पेटेल? प्रश्न खरा आहे. म्हणून नुसती तक्रार करून भागत नाही. त्याच्या घरी जावे लागते, आईबापांशी बोलावे लागते. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश मिळतो. हे त्यांना सांगणे माझ्यासारख्या शिक्षिकेचेच काम होते.

तीन दिवसांनी धीर करून मी तिथे गेले. जत्रा संपली होती. पोरगा तेवढ्यापुरताच होता. कुठल्या गावचा, ते मालकांना ठाऊक नव्हते.

आपण बाहेर जेवतो तेव्हा कोंबडीबद्दल जरूर विचारावे. ते आपल्या इमानाचे आहे. पण ताट धुणाऱ्या हातांबद्दल विचारणेही त्याच इमानाचे आहे. हे मला उशिरा कळले आणि त्या उशिराची किंमत मी नाही, त्या पोराने भरली.