मर्कटकिशोरन्याय

दृष्टान्त देणाऱ्याने दृष्टान्तातली वस्तू एकदा तरी डोळ्यांनी पाहिलेली असावी. आम्ही चाळीस वर्षे कीर्तनातून माकडाचे पोर सांगत आलो आणि ते कधी नीट पाहिले नव्हते!

श्रीरामानुजाचार्यांच्या संप्रदायात पुढे दोन शाखा झाल्या, वडकलै आणि तेनकलै. पहिलीचे म्हणणे, माकडिणीचे पोर आईच्या पोटाला बिलगते तसे जीवाने देवाला धरावे. हा मर्कटकिशोरन्याय. दुसरी म्हणते, मांजरी पिलाला तोंडात धरून नेते, पिलाने काही करावयाचे नाही. हा मार्जारकिशोरन्याय. आमच्या गुरुजींचा कल पहिल्याकडे, म्हणून आमचाही. "घट्ट धरा, सुटलात की पडलात!" असे आम्ही ठासून सांगत असू.

अकोल्याकडच्या एका गावी सप्ताहात हेच सांगितले. कीर्तन आटोपल्यावर एक म्हातारी पुढे आली. बोटे वाकडी झालेली, माळ हातातून गळते, दोन वर्षे वारी चुकलेली. म्हणाली, "महाराज, माह्या हातात जोरच नाही राह्यला आता. मंग मी पडीन का?"

आम्हाला उत्तर सुचले नाही. नाम घेत राहा, एवढे म्हणून पंगतीला जाऊन बसलो. अन्न गोड लागले नाही.

पुढे कीर्तनानिमित्त नागपुरास जाणे झाले, तेव्हा मुद्दाम महाराजबागेत गेलो. हे प्राणिसंग्रहालय १८९४ सालचे. कारभार आपल्या अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे. तांबड्या तोंडाची माकडे दाणे गालाच्या पिशवीत कोंबत होती, पुन्हा हात पुढे होताच. (बिदागी घेणाऱ्या आम्ही फार हसू नये.) पण लेकुरवाळी एकही दिसली नाही.

ती दिसली चिखलदऱ्यास, फाल्गुनात. तिथली वानरे काळ्या तोंडाची, लांब शेपटीची, पाला खाणारी. आई राखी रंगाची आणि तान्हे पोर काळपट, त्यामुळे लांबूनही उठून दिसते. पोराने आईची लव मुठीत धरली होती, हे खरे. पण पकड कच्ची. म्हणून आई एक हात त्याच्या पाठीखाली घालून उरलेल्या तीन पायांवर चालत होती! थोड्या वेळाने ती बसली, तर दुसरीने येऊन पोर उचलले, तिच्याकडून तिसरीने घेतले. वनखात्याचा पहारेकरी म्हणाला, या वानरांत असेच चालते, तान्हे पोर कळपातल्या बाया हातोहात सांभाळतात.

म्हणजे न्याय खोटा नव्हे, आम्ही अर्धाच सांगत होतो. खालचा हात आमच्या पोथीत नव्हता. आपण पांडुरंगाला माउली म्हणतो, ज्ञानोबांना माउली म्हणतो, वारीत तर भेटेल त्याला माउली म्हणतो. एका पोराला इतक्या आया कशाला, असे तरुणपणी आम्हाला वाटे.

परत त्या गावी गेलो, म्हातारीच्या दारी बसून सगळे सांगितले. तिने विचारले, "आन् दुसरीनं पोर नेलं तवा त्याची माय कुठं होती?"

म्हटले, "तिथंच बाजूला. पाला खात होती, पण डोळा पोराकडं."

म्हातारी हसली. सुनेला म्हणाली, "माळ दे वं." सुनेने माळ त्या वाकड्या बोटांवर ठेवली आणि ती गळू नये म्हणून खालून आपला तळवा लावून बसून राहिली.