सोडणं आणि राखणं

हल्ली कुंडलिका नदीच्या काठी शनिवार-रविवारी रॉड-रीळ घेऊन येणारी मंडळी वाढली आहेत. जिताडा लागला की दोन्ही हातांवर आडवा धरून फोटो काढायचा, परत पाण्यात सोडायचा आणि म्हणायचं, ‘आम्ही मासा मारत नाही, वाचवतो.’ रोह्याला हे वाक्य मी तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा ते पाग, म्हणजे फेकायचं जाळं, खांद्यावर घेऊन उभ्या असलेल्या एका कोळ्याला ऐकवलं गेलं, जणू तो गुन्हेगारच. तो काही बोलला नाही. म्हणून हा लेख.

गरवणं मला स्वतःला प्रिय आहे. मासे खाणंच पाप मानणाऱ्यांशी माझा वाद नाही; पर्यटनातून किती पैसा येईल हा हिशेबही मी बाजूला ठेवतो. माझा वाद आहे तो ‘सोडला म्हणजे वाचला’ या समजुतीशी.

मासा धरून सोडायची ही रीत मोठी झाली ती दूरच्या समुद्रांवर, मार्लिन-सेलफिशसारख्या लांब चोचीच्या माशांमागे धावणाऱ्या बोटींवर. ४ ऑगस्ट १९५३ रोजी पेरूच्या काबो ब्लांकोजवळ आल्फ्रेड ग्लासेल यांनी १,५६० पौंडांचा, म्हणजे सातशे किलोंहून जड काळा मार्लिन गळाला लावून ओढून काढला. तो विक्रम अजून मोडलेला नाही. तेव्हा असा मासा धक्क्यावर टांगला जाई. आज ग्वाटेमालासारख्या देशात सेलफिश सोडून देणं कायद्यानेच बंधनकारक आहे आणि माशाने गिळण्याऐवजी तोंडाच्या कोपऱ्यात अडकेल असा गोल गळ वापरतात. हा बदल चांगला आहे, हे मी मनापासून मानतो.

पण सोडलेला मासा म्हणजे न धरलेला मासा नव्हे. बराच वेळ झुंजून दमलेला मासा पाण्यात गेला तरी लगेच सावरत नाही. रोह्याला मी पाहिलेला जिताडा तापलेल्या दगडावर ठेवला होता. अंगावरची बुळबुळ सुटून तिथे वाळू चिकटली होती. सोडल्यावर तो कुशीवर झाला आणि तसाच ओहोटीबरोबर सरकत गेला. सोडणाऱ्याची नजर तोवर फोनकडे वळली होती.

शिवाय हौस कुणाची असते? सर्वांत मोठ्या माशाची. जिताडा आयुष्याची पहिली काही वर्षं नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. हजार पौंडांवरचे मार्लिनही माद्याच. म्हणजे फोटोसाठी जिला दमवायचं, ती नेमकी अंड्यांवर येणारी आई. तिला मारण्यापेक्षा सोडलेलं बरं, हे खरंच. पण तिच्यामागे लागायचं आणि वर तिला वाचवल्याचं श्रेय घ्यायचं, हे मला पटत नाही.

काबो ब्लांकोचे ते महाकाय मार्लिन पुढच्या दोनेक दशकांत दिसेनासे झाले, तिथला प्रसिद्ध क्लबही बंद पडला. त्याच काळात पेरूच्या किनाऱ्यावर अँकोव्ही या बारीक मासळीचा अफाट उपसा चालला होता. गळाला लागलेल्या एकेका माशाचं काय केलं, एवढ्यावर समुद्राचा हिशेब मांडता येत नाही.

पेणच्या खारेपाटात याच जिताड्यासाठी दुसरं क्रियापद आहे: राखणं. घरापुढे तळं असतं. पावसाळ्यात खाडीकडून आलेली पिल्लं शेतात, नाल्यांत सापडतात. ती तळ्यात आणायची, बारीक मासळी घालून दोन-तीन वर्षं सांभाळायची. माझ्या मामांच्या तळ्यावर तिन्हीसांजेला पाण्याला हात लावला की काळोखातून ‘डबक्’ असा आवाज येतो आणि टाकलेली मासळी नाहीशी होते. पाहुणा आला की त्यातलाच एक जिताडा निघतो. मामा मासा सोडत नाहीत, खातात. पण पाणी गढूळ-हिरवं होऊन मासे वर तोंड काढू लागले, की रात्री कंदील घेऊन तळ्यावर जाणारेही तेच.

यातही एक उणीव आहे, ती लपवणार नाही. तळ्यातला जिताडा तळ्यात वीत नाही. पिल्लं येतात ती खाडीच्या तोंडाशी घातलेल्या अंड्यांतून. म्हणजे खारं पाणी अडवणारा खारबंदिस्तीचा बांध, त्यातली पाणी सोडायची उघाडी आणि खाडी यांची राखण झाली नाही, तर मामांचं तळंही रिकामंच राहील. तरीही राखणाऱ्याला पाण्याकडे पाहावंच लागतं. सोडणाऱ्याचं काम फोटोपाशी संपतं.

कुंडलिकेचं पाणी साधं नाही. १९२७ पासून मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून तिच्यात उतरतं; कोलाडचं राफ्टिंग त्यावरच चालतं. खाली धाटावची रासायनिक वसाहत आहे. अशा नदीवर एक जिताडा हलक्या हाताने सोडला, याचं एवढं समाधान कशाचं?

मंडळी गेल्यावर मी त्या कोळ्याशेजारी बसलो. पागाची शिसं एकेक चाचपत तो सांगत होता: कुठल्या वळणावर पाण्याला वास येतो, कुठल्या कोंडीत आता पिल्लं लागत नाहीत, कुठल्या दिवशी तो पाग टाकतच नाही. हे त्याने त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलंच नव्हतं.